तेरेखोलच्या पलीकडे पुन्हा थंड

बाबा,

आधी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू सांगतो, म्हणजे कोण लिहितोय ते कळेल. जुन्या फ्रिजच्या कंप्रेसरचा केलेला व्हॅक्यूम पंप, अजून धडधाकट. जीपच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा केलेला पुलर, गाडीच्या एसीचा क्लच काढायला. तांब्याचा पाइप न चेपता वाकवायचा साचा, फणसाच्या लाकडाचा. आणि दुकानाचं हे टेबल, त्याला आजतागायत खालून कागदाची घडी लावावी लागलेली नाही. यातलं एकही तुम्ही पाहिलं नाही आणि एकही मला कुणी शिकवलं नाही. शिकवणारा घरातच होता, पण तो दुसऱ्याला शिकवत होता.

तो दुसरा बेळगावकडून आला, डिचोलीत इमारतीच्या कामावर. तुमच्या दुकानात पंखा दुरुस्तीला घेऊन आला आणि राहिलाच. गोवा घटक राज्य व्हायचं होतं, ते दिवस. दुकानासमोर रोज कोकणी की मराठी यावरून माणसं हमरीतुमरीवर यायची, आणि तुम्ही आतून ओरडायचात, "अरे, कंप्रेसराक खंयची भास येता ती आदी विचारा!" सगळे हसायचे. त्याला निम्मंच समजायचं, तरी तो सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. मला ते हसणं आवडायचं नाही. तुम्ही त्याला 'पुता' म्हणायचात, ते त्याहून नाही. मला तुम्ही 'रे' म्हणायचात. तू रे, दुकान बघ. तू रे, पाव घेऊन ये.

तुमची पद्धत मला तोंडपाठ होती. एसी कधी चालतो, कधी नाही, अशी गाडी आली की बाकीचे गॅस भरून मोकळे होत. तुम्ही पाना हातात घेत नव्हता. "गॅस भरूचो न्हय. आदी गाडयेत बसूचा." मालकाबरोबर गाडीत बसून जायचं, थंडावा जिथं मरतो तिथंवर, आणि तिथंच बॉनेट उघडायचं. दुकानात आलेली गाडी शहाण्या मुलासारखी वागते, असं तुम्ही म्हणायचात. पण बसायला तुम्ही न्यायचात त्याला. पुढे मालक आणि तो, मागे तुम्ही. मी दाराशी उभा.

खाणवाल्या शेटची पांढरी गाडी आठवते? डिचोलीहून निघाली की गार, कोरगावच्या चढावर गरम वारा, थोडं थांबलं की पुन्हा गार. आदल्या रात्री आई चुलीपुढे बांगडे भाजत होती आणि मी ताटावर बसून तुम्हाला म्हणालो होतो, "बाबा, क्लचाची फट वाढली असतली. थंड असताना चुंबक थाळी ओढून घेता, तापलो की जोर पुरणा नाय." तुम्ही काटा काढत होता. "हूं," म्हणालात. आई म्हणाली, "जेवताना तरी यंत्रां नकोत."

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं कोरगावाहून परतलात. तो गाडीतून उडी मारून उतरला. "मालक, क्लच! थाळी नुसती उभी होती. लाकडानं ढकलली की लगेच धरली बघा!" त्यानं थाळीमागची एक पातळ चकती काढली, फट बसवली, गाडी कायमची बरी झाली. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत आणि त्याला बाजारातल्या हॉटेलात पातळभाजी-पाव खायला घेऊन गेलात. परत आल्यावर मी म्हणालो, "ह्यां मिया काल सांगलंय." तुम्ही हात पुसत पुसत म्हणालात, "तू सांगलंस. तेना बगल्यान."

बाबा, मला बघायला नेलं कुणी होतं?

गेल्या महिन्यात केरीचा एक टॅक्सीवाला आला. तीन ठिकाणी गॅस भरून झालेला. सांगत होता, "केरीच्या धक्क्यार पावसर वारो कमी कमी जाता, मागीर बंद. फेरीबोटीत इंजिन बंद करून तेरेखोलाक उतरलो की परत थंड. थंयची हवाच तशी!" मी दुकान बंद केलं आणि त्याच्या शेजारी बसलो. पुढच्या सीटवर. धक्क्याशी वारा मेला तेव्हा बॉनेट उघडलं. क्लच धरलेला, कंप्रेसर चालू, परतीचा पाइप बर्फानं पांढरा. म्हणजे डॅशबोर्डच्या आतली कॉइल गोठून वाऱ्याची वाट अडवत होती. पलीकडे उतरलो तर गाडीखाली वितळलेल्या पाण्याची धार. गोठायच्या आधी कंप्रेसर बंद करणारा सेन्सर आपल्या जागेवरून निसटून बाजूला लोंबत होता, एवढंच. तिथंच जागेवर बसवला आणि अडकवला. परतताना केरीच्या धक्क्यालाही गारेगार.

मी जरा ताठ बसलो होतो. तेवढ्यात टॅक्सीवाला म्हणाला, "म्हापशाक तो बेळगांवकार आसा मरे, वर्कशॉपवालो, तोय असोच गाडयेत बसता. तुमी तेच्याकडे शिकलात?"

"तो आमच्या घरात शिकलो," मी म्हणालो.

"मगे तुमी खंय शिकलात?"

कोरगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

टॅक्सीवाल्यानं म्हापशाला जाऊन सांगितलं असणार, कारण चार दिवसांनी तो बेळगावकार स्वतः आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, हसणं तेच. साचा हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. "धाकटे मालक, हे तुम्ही केलं? मला जमलं नसतं बघा." हे तुम्ही म्हणायला हवं होतं. मग म्हणाला, "माझ्याकडं या की. माझे गुडघे गेले. पोरांना गाडीत घेऊन बसणारा कुणी पाहिजे. आज्जा, म्हणजे आपले मालक, काय काय बोलायचे रस्त्यानं, ते सांगत असतोय मी त्यांना, पण सगळं सांगाया होत नाही. माझी पोरंबी त्यांना आज्जाच म्हणतात."

म्हणजे तुम्ही गाडीत बोलायचात. घरी तुमचं 'हूं' मला पुरत होतं, कारण मला वाटायचं की तुमच्याकडे तेवढंच आहे.

मी म्हणालो, दुकान सोडता येत नाही. तो गेल्यावर दुपारभर गिऱ्हाईक आलं नाही. तुम्ही आता नाही, हे कुठं धाडायचं नाहीच, तर खरं लिहितो. दुकानासाठी मी नाही म्हटलं नाही. तिथं गेलो असतो, तर तुम्ही रस्त्यानं काय बोलायचात ते त्याच्या पोरांच्या रांगेत बसून मी रोज ऐकलं असतं, आणि मला ते ऐकायचं होतं, फक्त त्याच्या तोंडून नाही. सगळं वर्कशॉप माझ्या हाताखाली देत होता, जेवण, खोली, आणि महिना चाळीस हजार.