दारावर तुझं नाव

रविवार, १४ ऑक्टोबर

ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे तू धरून चाल, हात जोडायच्या मनःस्थितीत मी नाही. इकडे सर्व क्षेम. आईच्या डोळ्याला आराम पडला असेल. थेंब वेळेवर घालतेस ना, की "आत्ताच तर घातले" म्हणून ती तुला फसवते? झाली तब्येतीची चौकशी. आता भांडण.

फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. मी तोंड उघडलं की तू "जेवलीस का" विचारतेस, आणि मी मूर्खासारखी काय काय जेवले ते सांगत बसते. म्हणून कागद घेतला.

वसतिगृहातली खोली चांगली आहे. एक पलंग, एक टेबल, खिडकीखाली सायकलींची रांग. स्वयंपाकघर मात्र सगळ्या मजल्यात मिळून एक. तिथे एक चिठ्ठीवाली आहे, ती दुधापासून अंड्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीवर आपलं नाव चिकटवते. मी तिचं चिमूटभर मीठ घेतलं, तर दुसऱ्या दिवशी डब्यावर आणखी एक चिठ्ठी. अशा घरात नाव म्हणजे काय चीज असते ते कळतं.

तर नावाबद्दलच बोलायचंय. मी बॅगा ओढत आले तेव्हा दारावरच्या पाटीवर तुझं नाव होतं. टपालपेटीवर तुझं. फ्रिजमधल्या माझ्या खणावरसुद्धा तुझंच. मला हसू आलं. म्हटलं, आडनाव एकच, केली असेल गफलत. शेजारणी मला तुझ्या नावाने हाका मारायला लागल्या आणि मीही ओ द्यायला लागले. शेवटी कंटाळून पाटी बदलून घ्यायला खाली किल्लीवाल्या बाईंकडे गेले.

"हे माझ्या बहिणीचं नाव आहे. तुमची चूक झालीय."

त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. "चूक नाही. खोली त्यांनाच दिली होती. त्यांनी नाही म्हणून कळवलं, त्यांच्यामागे तुमचा नंबर होता. पाटी तेवढी बदलायची राहिली."

मी त्यांच्याशी वाद घातला, ताई. इथल्या वर्षभराच्या मातीकामाच्या शिक्षणासाठी माझ्या बहिणीची निवड झालीच नव्हती, असं ठासून सांगितलं. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. हळूच म्हणाल्या, "बसा जरा."

निकाल ज्याचा त्याला कळतो, म्हणून तुझं फावलं. "माझं नाही झालं गं, तुझं झालं," म्हणालीस आणि स्वतःच्या हाताने माझी बॅग भरलीस. आपण एकाच वर्गात मातीकाम शिकतो. चाकावर तुझा हात बसलेला, माझी भांडी भट्टीत तडकतात. तरी मी म्हटलं, एकदाचं आपलं नशीब उघडलं. वर तुझीच समजूत काढली, पुढच्या वर्षी तुझंही होईल म्हणून. तू मान डोलावलीस. नाटकी कुठली.

परवा फोनवर विचारलं तर म्हणे, "मला जायचंच नव्हतं. आईचं ऑपरेशन होतं. जेवलीस का?" आईलाही माहीत होतं ना? दोघींनी मिळून मला खुळ्यात काढलंत. बाबा गेल्यापासून आईजवळ एकीने राहायला हवं, कबूल. पण ती एक कोण, हे ठरवताना मला विचारायला काय धाड भरली होती? मी काय अजून पाळण्यात आहे?

बाबांचा नियम आठव. जो वाटणी करेल त्याने शेवटी उचलायचं, म्हणजे लबाडी होत नाही. बिचाऱ्या बाबांना वाटायचं, लबाडी एकाच बाजूने होते. सुरी कायम तुझ्या हातात. सफरचंदाचा एक भाग हा एवढा, दुसरा एवढुसा, आणि "अगं, वाकडं कापलं गेलं" म्हणून मोकळी. मी मोठा उचलायचे आणि तुला धड कापता येत नाही म्हणून चिडवायचे. चाकावर केसाएवढा फरक पडू न देणारी बाई सफरचंद वाकडं कापते, हे माझ्या डोक्यात इतक्या लांब आल्यावर शिरलं.

आता जे मघापासून टाळतेय ते लिहिते. मला इथे आवडतंय. फार आवडतंय. इथली भट्टी आपल्या घराएवढी आहे, मास्तर तोंडाने फाटके पण मनाने चांगले आहेत, आणि परवा माझं भांडं पहिल्यांदा न तडकता बाहेर आलं. नाचत खोलीपाशी आले आणि पाटीवर तुझं नाव वाचलं. मला इथून हलायचं नाहीये, ताई. तू मला असं काही दिलंयस की ते परत करवत नाही आणि गिळवतही नाही. सगळा राग त्याचा आहे. मला तुझ्या उपकाराखाली राहायचं नाही, तुझ्या बरोबरीने राहायचंय.

म्हणून काल विभागप्रमुखांना भेटले. पहिली सहामाही संपल्यावर मी परतले, तर दुसरीला ही जागा तुला मिळते, कारण निवड मुळात तुझी होती. तुझा होकार किंवा नकार त्यांना महिन्याअखेर हवा आहे. तू आलीस तर आई माझ्या ताब्यात. थेंब मी घालेन, आणि मला ती फसवू शकत नाही.

पाटी मी बदलू दिली नाही. बाई नवी घेऊन वर आल्या होत्या, त्यांना परत पाठवलं.

या खेपेला सुरी माझ्या हातात आहे. वर्षाचा उरलेला अर्धा आणि आईजवळचं घर, असे दोन भाग मी केलेत. नियमाप्रमाणे आधी उचलायचं तू. मोठा कुठला, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तुझा हात पुन्हा लहान तुकड्याकडे गेला, तर जन्मात तुझ्या हातचं काही खाणार नाही.

आणि हो, मी जेवलेय. विचारू नकोस.

शेवटी उचलणारी,
धाकटी