बाटलीतला बोळा

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घे. कंबर वाकत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनी सांगते तो व्यायाम कर, नुसता कण्हत बसू नकोस.

मी बरी आहे असं म्हणवत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काचा धुतेय. आम्लात थेंब थेंब क्षार सोडायचा आणि गुलाबी झालं की थांबायचं, हा पोरांचा प्रयोग. मागची धुणी माझी. आता एक संशोधन करणारी पोरगी आलीय. तिच्या कॉम्प्युटरात ना आम्ल ना क्षार, नुसते आकडे टाकायचे. गुलाबी कधी होणार ते तो रेघ काढून दाखवतो. रेघ खरी ठरली की पुढच्या वर्षीपासून सगळं पडद्यावरच करायचं, असं सरांनी ठरवलंय. मग मी धुवायचं काय, पडदा?

पण रेघ जुळेना. पोरगी तीन आठवडे खऱ्या थेंबांनी करून बघतेय. कॉम्प्युटर म्हणतो पंचवीस मिलीला गुलाबी, काच म्हणते सव्वीसच्या पुढे. सर चारचौघांत म्हणाले, "हात थरथरतो तुझा." मला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग ती माझ्या नळावर तोंड धुवायला आली. डोळे सुजलेले.

आता ऐक. क्षाराच्या बाटलीचं काचेचं बूच अडकून बसतं, उघडताना मनगट जातं. म्हणून मी ते कधीच फेकून कापसाचा बोळा कोंबलाय. क्षार हवा पितो आणि मंद होतो. (कुणी शिकवलं नाही. तोंडाशी पांढरी खपली धरते ती मीच खरवडते.) कॉम्प्युटरला बोळा कुठून ठाऊक असणार?

गप्प बसले तर माझा नळ वाचतो आणि तिचा हात बदनाम होतो. चार दिवस नुसती आदळआपट चाललीय माझी. तू शिकलेला आहेस, काय करू ते कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. कळवू नकोस. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात पोरीला सांगून मोकळी झाले. तिने आकड्यांत हवा घातली आणि रेघेवर रेघ बसली. तुझ्या शेजारच्या दवाखान्यात धुणारी हवी आहे का, विचारून ठेव.

आणखी एक. दवाखान्यात विचारायची घाई करू नकोस. पोरगी वही घेऊन समोर बसलीय. म्हणते, "मावशी, अजून कुठेकुठे बोळे कोंबलेत?" आठवायलाच वर्ष जाईल.