अडवणारं कुणी नाही

४ मार्च
आले एकदाची! खिडकीजवळची खाट मिळाली. नवऱ्याने व्हीलचेअर ढकलत आणली, आमच्या लेकीने, चिमणीने, ढकलल्याचा आव आणला. मी बस चालवायचे हे ऐकून शेजारच्या खाटेवरच्या हेडबाई म्हणाल्या, मग बऱ्या झालो की मला तूच घरी सोड. रिटायर झाल्या तरी हुकूम सुटलेला नाही.

डॉक्टरांनी नीट समजावलं. माझ्या आजारात कुंपणच शेत खातंय. शरीराचे शिपाई मज्जातंतूंचं आवरण कुरतडतात. त्याच आवरणातल्या प्रथिनाचा बारीक तुकडा, म्हणजे पेप्टाइड, थोडाथोडा टोचायचा. हे घरचंच आहे अशी शिपायांना ओळख पटली की ते हात आवरतात. उपचार नवा आहे. सही केली.

२० मार्च
अंगठा हलला! हेडबाई तर भिंत धरून उभ्या राहिल्या. हसून हसून दोघींची मुरकुंडी वळली.

११ एप्रिल
दारापर्यंत चालले. फोनवर चिमणी किंचाळली, शाळेत सोडायला येशील? येईन म्हटलं. नवऱ्याचं नाक ओढणं तेवढं ऐकू आलं.

१९ एप्रिल
गाऊनची नाडी बांधताना हेडबाईंच्या पाठीवर जखम दिसली, तळहाताएवढी. लाली नाही, सूज नाही. कडेने पांढरी लव, शिळ्या पावावर येते तशी. मी नर्सला हाक मारणार तोच त्यांनी मनगट धरलं. "पाया पडते तुझ्या. इंजेक्शन बंद करतील. त्या खुर्चीत नाही गं बसायचं परत."

नाडी बांधून दिली. नर्सला हाक मारली नाही.

२३ एप्रिल
हेडबाई गेल्या. चालत नळापर्यंत गेल्या आणि तिथेच कोसळल्या. डॉक्टर म्हणाल्या, रक्तात बुरशी पसरली होती आणि शरीराने साधा तापसुद्धा आणला नाही. शिपाई आता परक्यालाही घरचं समजतात की काय, अशी त्यांना शंका आहे. इंजेक्शन तूर्त थांबवलंय. बाकी कुणाला काही नसेल तर पुन्हा सुरू करतील.

मला तपासलं. थंडी वाजतेय म्हणून मोजे काढले नाहीत.

२५ एप्रिल
पायाच्या बोटांच्या बेचक्यात लव. ब्लेडने खरवडली. रक्त आलं, बरं वाटलं. सकाळी पुन्हा तेवढीच.

२७ एप्रिल
घोट्यापर्यंत. सांगायला हवं. सांगितलं की खुर्ची — आणि चिमणीची शाळा —

ताप येऊ दे रे देवा. एकदा तरी अंग तापू दे.

२९ एप्रिल
जिभेखालीही. पाण्याला मातीची चव. नवरा म्हणाला, उद्या येतो दोघं. येऊ नका म्हटलं. तो चिडला, पाय फुटल्यावर आम्ही नकोसे झालो होय? काय सांगू — फोन ठेवला.

३० एप्रिल
निघालेत. सगळं सांगायचं ठरवलं. आवाजच फुटत नाही. घंटा दाबली, कुणी येत नाही. दाराला कडी नाही, खुर्ची लावलीय —

जिन्यात चिमणीचा आवाज. या पानावरच लिहून दाराखालून सरकवते —

चिमणे, बाहेरच थांब. डॉक्टरांना बोलव. आईला मिठी मारू