सुनेत्राचे वाण परत घेण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
मराठी स्नेहबंध मंडळ, बर दुबई

विषय: माझ्या दिवंगत पत्नीचा फोटो हळदीकुंकवाच्या बॅनरवरून काढणेबाबत
संदर्भ: मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल आलेला बॅनर

महोदय,

१. माझी पत्नी सुनेत्रा गेल्या ऑक्टोबरमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेली. तिचा फोटो मी मंडळाला श्रद्धांजलीसाठी दिला होता. काल तो बॅनरवर दिसला. शेजारी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, विकणाऱ्या प्रायोजकाचे नाव, मागे गुलाबी धूर. त्या धुरात तिचा एक कान बुडाला आहे. मला शिसारी आली.

२. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीचे वाण याच प्रायोजकाने दिले. पिशवीत आंबा फ्लेवरचा व्हेप निघाला. आपल्या समितीला तो घसा मोकळा करणारा इनहेलर वाटला आणि माइकवरून तसे सांगितलेही गेले. वाण टाकू नये, वापरावे, म्हणून सुनेत्राने वापरला. उभ्या आयुष्यात तिने सिगारेट हातात धरली नव्हती. तो संपल्यावर ती खालच्या दुकानातून दुसरा आणू लागली. मी कुरकुरलो की म्हणायची, "अहो, नुसती वाफ आहे." उशीला, देवाच्या वातींनाही तो गोड, चिकट वास यायचा. उशीला अजून येतो. आंबा मी आता तोंडात घालू शकत नाही.

३. तिला रक्तदाब होता. डॉक्टर म्हणाले, निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आतले अस्तर बिघडते, भिंती ताठर होतात. ती यानेच गेली असे लिहून देता येणार नाही, पण तिने हे ओढायला नको होते. मीही लिहून मागितले नाही.

४. मी फोन केला तेव्हा आपण म्हणालात, "काका, स्पॉन्सर नाराज झाला तर हॉल खलास." वर म्हणालात, "काकू हौशी होत्या, त्यांना आवडलं असतं." बॅनरवर खाली पाहिले, तर यंदाच्या उखाणा स्पर्धेलाही तिचे नाव दिले आहे. नवऱ्याचे नाव छान घेणारीला बक्षीस पुन्हा तेच, यंदा स्ट्रॉबेरी. हे वाचून मी मोरीत जाऊन ओकलो.

५. फोटो आणि नाव आजच काढावे. धूर पुसून फोटो ठेवू, हा आपला तोडगा मला नको.

६. तो पहिला व्हेप रिकामा झाला तरी, वाण म्हणून, सुनेत्राने करंड्याशेजारी जपून ठेवला होता. वाण परत करत नाहीत, हे मलाही कळते. मी करतो आहे.

फोटो निघेपर्यंतच आपला सभासद,
दत्तप्रसाद पेडणेकर
दुबई, १२ जानेवारी २०२६

सोबत: वाण, एक. कुंकू लागलेले आहे, पुसलेले नाही.