स्वखुशीने

११ जाने. १९७४, शिरूर
सकाळी ट्रकमध्ये कांदा भरून दौंडला निघालो. न्हावऱ्याच्या पुढं बैलगाडीला घासलो. गाडीवान आबा खाली पडले, मनगट मोडलं. बैलं सुखरूप. मीच आबांना दवाखान्यात नेलं. तिथं पोलीस जमादार हजर. "तोंड उघड." उघडलं. वास नाही. तरी म्हणतो, "तुमच्या वस्तीत भट्टी असंलच की." म्हटलं, "आमच्या वस्तीत विहार हाय. भट्टी कुठं हाय ते तुम्हालाच ठावं." मग काय, रक्त काढायचा हुकूम!

१२ जाने.
काल रक्त काढताना दोन शिपायांनी दंड धरला. नीट विचारलं असतं तर हात मीच पुढं केला असता. वर छापील कागद, "मी स्वखुशीने रक्त देत आहे." म्हटलं, हा शब्द खोडा, सही करतो.
"शब्दानं काय हुतंय रं?"
काही होत नाही तर खोडा की! जमादारानं लायसन ठेवून घेतलं. सही कर अन् ने, म्हणे. नाही करत जा.

१५ जाने.
घरी बसून. मालक दुसरा ड्रायव्हर बघणार म्हणतात. सुमन म्हणाली, "एका शब्दापायी चूल इझवता काय?" म्हटलं, "सही केली म्हंजी जबरदस्ती झालीच न्हाई, आसं हुतंय." तिनं ताट आदळलं.

१९ जाने.
आबांकडं जाऊन आलो. हात गळ्यात. म्हणाले, "तू पिलेला नव्हतास, म्या सांगितलं जमादाराला. पर डोळं मिटलं व्हतंस का रं?"
न्हाई म्हणालो.
खोटं बोललो. निघताना सर्दीची गोळी घेतली होती, झापड आली. कुणी विचारलंच नाही, सगळे दारू हुंगत बसले. लाज वाटते.

२ फेब्रु., शनिवार
रिपोर्ट आला. दारू नाही. जमादारानं लायसन टेबलावर ठेवलं. "सुटलास. तेवढी सही कर."
कागद ओढला. 'स्वखुशीने' खोडलं, वर लिहिलं, 'दंड धरून'. खाली कोऱ्या जागेत: गोळी घेतली होती, झापड आली, आबांचा हात माझ्यामुळं मोडला. हे मात्र स्वखुशीने लिहितो. सही ठोकली.
त्यानं दोनदा वाचलं. "याड लागलं का? सुटला व्हतास की!"
लायसन परत ड्रॉवरात. सोमवारी बोलावलंय. उद्या आधी आबांकडं जायचं.