साठ किलोच्या आतले

प्रिय छोट्या,

तू दारातून आत आलास तेव्हा माझ्या वीस मिनिटांच्या चाचणीचं तेरावं मिनिट चालू होतं आणि मला मान वळवणंही परवडणारं नव्हतं. बूट न काढता तू सरळ सायकलच्या मागच्या चाकापाशी जाऊन बसलास. समोरचा आकडा पाहिलास, एकशे चौसष्ट, आणि माझ्याकडे न बघताच म्हणालास, पकड सुटतेय, रोलर सैल आहे. मग रोलर आवळायच्या नॉबकडे हात नेलास. मी म्हटलं, हात काढ. तू म्हणालास, ताई, आकडा खोटा येतोय. मी म्हटलं, हात काढ, बोटं चाकात गेली तरी मी थांबणार नाहीये. तू काढलास. उरलेला वेळ भिंतीला टेकून उभा राहिलास आणि वीस मिनिटं पुरी व्हायच्या आत निघून गेलास. जागच्या जागी सायकल चालवायचा तुझा ट्रेनर परत न्यायला आला होतास, तो इथेच राहिला. त्यामुळे तुला शेवटचा आकडा माहीत नाही. सरासरी एकशे सहासष्ट. त्यातून तुझ्याच नियमाने शंभरामागे पाच वजा केले, तर तासभर टिकेल अशी ताकद एकशे अठ्ठावन्न वॅट. डोंगराच्या राइडला आपला सायकल क्लब दीडशे मागतो. गेल्या रविवारी तू तुझ्या सायकलच्या दुकानात माझी चाचणी घेतलीस आणि एकशे एकोणचाळीस लिहून दिलेस.

एकशे एकोणचाळीसवर मी गप्प बसले असते. एकोणसाठाव्या वर्षी गप्प बसायला पुष्कळ कारणं आपोआप मिळतात. राइडची चौथी जागा क्लबातल्या औषधवाल्याला गेली, एकशे एक्कावन्नवर. सगळे माझ्याशी फार गोड वागले. सचिव म्हणाले, ताई, तुम्ही मागच्या गाडीत बसा, केळी आणि पाणी तुमच्याकडे, तुमच्याइतकं नीट कोण सांभाळणार. औषधवाला म्हणाला, केळी मोजून द्या बरं, तुमचं खातंच मोजण्याचं. तूही हसलास. मीही हसले. मग मी म्हटलं, ट्रेनर आठवडाभर घरी नेते, आणि तुला वाटलं, नेऊ दे बिचारीला, मन रमेल. रिक्षात तूच चढवून दिलास. खोक्यात तुझी चाचण्यांची वहीही राहिली होती. ती मी चोरलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एकतीस वर्षं मी दुकानदारांचे काटे तपासले. त्या कामात पहिली शिस्त ही, की काट्याला हात लावायच्या आधी तो आहे तसा मोजायचा. म्हणून घरी आणल्यावर मी नॉबला हात लावला नाही. चाक तीसच्या वेगाला नेलं, पाय थांबवले आणि ते आपोआप थांबेपर्यंत सेकंद मोजले. सात. तीनदा मोजले, तिन्ही वेळा सात. खोक्यातल्या कागदावर बनवणाऱ्यांनी लिहिलंय, बारा यायला हवेत. मग टायरची हवा पाहिली, बरोबर होती. नॉब दोन फेरे सैल केला. बारा आले.

माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला कितपत कळलंय ते तुला कळेल. तुझं यंत्र ताकद मोजत नाही. ते चाकाचा वेग मोजतं आणि वेगावरून ताकदीचा अंदाज बांधतं. रोलर ठरलेल्या जोराने टेकलेला असेल तर अंदाज बरा येतो. जास्त आवळला, की तेवढ्याच ताकदीत चाक हळू फिरतं, आणि हळू चाक बघून आकड्याचा डबा म्हणतो, बाईत दम नाही. तू म्हणतोस, हलक्या माणसाच्या चाकाला पकड बसत नाही, ते घसरतं आणि आकडा फुगतो. घसरलं असतं तर रबराचा काळा भुसा पडला असता. मी चाकाखाली पांढरा कागद अंथरला होता, तू त्यावर पाय दिलास, आठवतंय का. वीस मिनिटांनी त्यावर माझा घाम होता आणि तुझ्या बुटाची नक्षी. भुसा नाही. हे पत्र त्याच कागदावर लिहितेय. उलटसुलट करून बघ.

लबाड तू नाहीस. लबाड दुकानदार मी शेकड्यांनी पाहिलेत, त्यांच्यातला एकही स्वतःची लबाडी वहीत लिहून ठेवत नव्हता. तू ठेवलीस. प्रत्येक पानावर नाव, वजन, आकडा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात रोलरची नोंद. जड माणसांच्या पानावर काही नाही. साठ किलोच्या आतल्यांच्या पानावर 'अधिक दोन फेरे'. नऊ वर्षांत असे अकरा जण. मी, तीन मुली, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, तो काडीपैलवान टपालवाला, बाकीचे मला माहीत नाहीत. एकालाही हवा तो आकडा मिळालेला नाही. छोट्या, खरी चूक दोन्ही बाजूंना पडते, कधी गिऱ्हाइकाच्या, कधी दुकानाच्या. एकाच बाजूला अकरा वेळा पडली तर मी तिला चूक म्हणत नाही, मी काटा जप्त करते.

तू म्हणशील, एका राइडसाठी ताई भावाचं दुकान बंद करायला निघाली. राइड मला हवीच आहे. ती दोनशे किलोमीटरची आहे, तिच्यात तीन चढ आहेत आणि शेवटच्या चढावर औषधवाला मला मागे ठेवेल की मी त्याला, हे मला माझ्या पायांनी ठरवायचं आहे. केळी कुणीही सांभाळेल. गुडघे दुखतात, हो. तुझे नाही दुखत? या वयात कशाला, असं तू रविवारी दोनदा म्हणालास. या वयातच. आधीच्या वयात मी नोकरी करत होते, आईला उचलून अंघोळ घालत होते आणि रविवारी तुझ्या दुकानाच्या पाट्या रंगवत होते.

पण त्या अकरांतलं तिसरं पान तुझ्या लेकीचं आहे. सतरा वर्षं, बावन्न किलो, एकशे एकाहत्तर, आणि कोपऱ्यात तीच बारीक नोंद. सायकलपटूंच्या प्रशिक्षण केंद्राला एकशे ऐंशी हवे होते. तिने तीन रविवार चाचणी दिली. तिसऱ्या वेळी उतरून बादलीत ओकली आणि तोंड पुसत तिने विचारलं, बाबा, किती. तू वही तिच्याकडे फिरवलीस. रात्री जेवताना तुझी बायको म्हणाली, नऊच तर कमी आहेत, घाला की वर, कोण बघतंय. आणि तू म्हणालास, यंत्राला लेक कळत नाही. त्या वाक्याचा तुला केवढा अभिमान होता. क्लबात वर्षभर ते सांगत होतास. पोरीने सायकल कुणाला तरी देऊन टाकली, दुसऱ्या शहरात छापखान्यात नोकरी धरली, आणि सात वर्षं तुमच्या दोघांचं फोनवरचं बोलणं तिकडे ऊन आहे का, इकडे गारठा आहे, यापुढे गेलेलं नाही. दोन फेऱ्यांनी माझे एकोणीस खाल्ले. तिचे नेमके किती खाल्ले ते मी सांगणार नाही, अंदाजाला अंदाजच म्हणावं. पण नऊपेक्षा जास्त, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन.

आता हे का लिहिलं ते सांगते. त्या रात्री त्या टेबलावर मीही होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मापातलं मला कळतं. पोरीनेही पाहिलं. आणि मी म्हटलं, छोट्या बरोबर आहे, माप म्हणजे माप. भाजीवाल्याच्या काट्यालाही मी आधी विचारायचे, तुला शेवटचं कधी तपासलं. तुझ्या यंत्राला विचारलं नाही. भावाचं होतं म्हणून. येत्या रविवारी ती माझ्याकडे राहायला येतेय. माझ्या वाट्याचं मी तिला सांगणार आहे, तू रागाव, बोलणं टाक, काहीही कर. तुझ्या वाट्याचं तिला माझ्याकडून कळू नये. तुझ्याकडे चार दिवस आहेत आणि तिचा नंबर तुझ्याकडे आहे. या वेळी हवापाण्याचं बोलू नकोस.

तुझीच, आणि तरीही तुझीच,
ताई

दुसऱ्या दिवशी सकाळी, साडेदहा. फॉर्म क्लबात देऊन आले. आकड्याच्या रकान्यात एकशे अठ्ठावन्न लिहिलंय. सचिवांनी विचारलं, चाचणी घेणाऱ्याची सही कुठे. म्हणाले, तुम्हीच करून टाका ना ताई, तुम्ही तर सरकारी माणूस. मी नाही केली. स्वतःच्या मापावर स्वतःचा शिक्का मारायचा नसतो. ती जागा तुझ्यासाठी कोरी ठेवली आहे. फॉर्म बारापर्यंत त्यांच्या टेबलावर आहे.