स्वयंपाकघराच्या फरशीवर काढलेली शीट

आप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडलं तरी मध्ये पडणारं कुणी उरलेलं नाही. आई होती तोवर म्हणायची, "गेलेल्या माणसाला कशाला बोलतीस?" आता तीही नाही. काल मी आष्ट्याला गेले होते. तिथं जे ऐकलं ते तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं. ते जमणार नाही म्हणून लिहिते आहे.

आधी त्या शीटबद्दल. मी सांगलीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि इमारतीतल्या यंत्रसेवांचा विषय तुम्ही शिकवायचात. पाणी, सांडपाणी, हवा, लिफ्ट, आग विझवायचे पंप, म्हणजे भिंतीच्या आत आणि छताच्या वर जे जे लपलेलं असतं ते सगळं. तुम्ही उत्तम शिकवायचात. हे मुलगी म्हणून म्हणत नाही, तुम्ही अडवलेली विद्यार्थिनी म्हणून म्हणते. ऑपरेशन थिएटरमधल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतून बाहेर जाते आणि बाहेरची घाण आत येत नाही, हे तुम्ही फळ्याजवळचं दार उघडून, हातातला रुमाल धरून दाखवलं होतंत. पोरं भान विसरून बघत होती. मीही बघत होते. पहिल्याच दिवशी तुम्ही मला बजावलं होतं, "इथं सर म्हणायचं. घरचं नातं घरी ठेवायचं." मी ते पाळलं. घरी मात्र नातं कुठं ठेवलं होतंत, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

सत्राच्या शेवटी एका छोट्या दवाखान्याच्या हवेची पूर्ण योजना काढून द्यायची होती. आपल्या घरात ड्रॉइंगची एवढी मोठी शीट पसरायला जागा एकच, स्वयंपाकघरातली फरशी. आई ओट्याशी भाकरी थापतेय, मी खाली पालथी पडून रेघा मारतेय, आणि तुम्ही पाणी प्यायला आत येताय, लुंगी वर धरून शीटच्या कडेकडेनं माठापर्यंत जाताय. कितीदा तरी. एकदा तर थांबून वाकलात, थिएटरच्या छतातल्या हवेच्या जाळ्या बघितल्यात आणि तांब्या भरून निघून गेलात. "बरी जमलीय का?" असं आईनंच विचारलं. तुम्ही म्हणालात, "मीठ कमी आहे आमटीत."

मग शीट दाखवायचा दिवस. सकाळचा तास. तुम्ही एकेकाला टेबलापाशी बोलवताय. माझी शीट उलगडता आणि मान वर न करता विचारता, "ही तू काढलीस?"

"हो सर."

"कशावरून?"

मला वाटतं तुम्ही थट्टा करताय. मी हसते. मागचे दोघंतिघंही हसतात.

"घरात विषयाचा शिक्षक असलेल्या मुलीनं ही स्वतः काढली, याची खात्री मी कुणाला कशी द्यायची?"

"तुम्ही बघितलंय, आप्पा."

ते नाव तोंडातून निसटतं. तुम्ही पेनाचं टोपण लावता. "इथं आप्पा कुणी नाही. तुझी टर्म ग्रँट होणार नाही. पुढच्या वर्षी ये."

टर्म नाही म्हणजे त्या विषयाच्या परीक्षेला बसता येत नाही. वर्ष गेलं. पुण्यात एका कंपनीनं निवडलं होतं, तिथली जागाही गेली. त्या रात्री आई तुमच्याशी बोलायला गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "तुझं एक वर्ष गेलं. मी किती घालवलीत ते मोजत बसू नकोस." ते सगळं वर्ष मी घरी होते. तुमचे विद्यार्थी शंका विचारायला यायचे, मी चहा आणून द्यायचे आणि तुम्ही माझी ओळख करून द्यायचात, "ही आमची कन्या. हिलासुद्धा सोडलं नाही मी." ती पोरं बशीत बघायची. मी शीट परत मागितली तेव्हा म्हणालात, "रद्दीत गेली असेल." मी पुन्हा नवी काढली. त्याच फरशीवर. या वेळी तुम्ही पाणी प्यायला आला नाहीत, आई माठातलं पाणी बाहेर नेऊन द्यायची.

पुढं तुम्ही निवृत्त होऊन वाईला राहायला गेलात, अर्धांगवायू झाला, वाचा गेली, आणि गेलात. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. पाच जण बोलले आणि पाचही जणांनी तीच गोष्ट सांगितली, सरांनी पोटच्या मुलीलाही माफ केलं नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते. प्रत्येक जण ते वाक्य म्हणताना माझ्याकडे बघून मान हलवायचा, जणू त्या गोष्टीतला थोडा मान मलाही देत होता. मला रडू आलं नाही. सगळ्यांना वाटलं, बापासारखीच कणखर आहे.

आता कालचं. आष्ट्यात एक नवा दवाखाना होतोय. बांधणारा माझ्याच वर्गातला. तुम्हाला आठवेल, वडील फौजेत होते आणि शेवटच्या वर्षी अचानक गेले, तोच. कामगारांसमोर तो मला मॅडम म्हणतो, एकटे असलो की अगं. गेली कित्येक वर्षं तो त्याच्या प्रत्येक इमारतीच्या यंत्रसेवांचं काम मला देतो. दुसऱ्या कुणाला विचारतसुद्धा नाही. मी समजत होते, माझं काम चोख असतं म्हणून. काल ऑपरेशन थिएटरची हवा तपासायची होती. कुपवाडच्या वर्कशॉपमधून आलेले, हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट बसवून झाले होते, यंत्र सुरू होतं. मी दार बोटभर उघडून फटीशी उदबत्ती धरली. धूर बाहेरच्या बाजूला सरळ निघाला. तो बघत उभा होता. एकदम म्हणाला,

"तुला एक सांगू का? लय वर्सं झाली, सांगीन सांगीन म्हणतूय."

"सांग की."

"तुझं उपकार हायत माझ्यावर. त्या शीटचं."

मला काही कळेना. त्यानं टोपी काढून हातात धरली. "मी एक रेघ मारली नव्हती गं. वडील गेलेलं, घरात कुणाचं कशात ध्यान न्हाई. तुझी टर्म गेली त्याच दिवशी सांजच्याला मी सरांस्नी सांगाय गेलो, की मी सोडतूय शिक्षण. सरांनी दार लावलं. मला पाणी दिलं. पाठीवर हात फिरवत बसलं. मी लय रडलो. मग त्यांनी तुझी शीट म्होरं ठेवली. म्हणालं, हितंच बस, ही बघून काढ."

"माझी शीट?"

"व्हय की. म्हणालं, तिचं वर्स तर गेलंच हाय, तिनं आपणहून दिलीया तुझ्यासाठनं. पर तिच्याजवळ बोलू नगंस, तिला अवघड वाटंल. म्हणून इतकी वर्सं बोललो न्हाई. तू तवा दिली नसतीस तर मी आज हितं नसतो."

उदबत्ती माझ्या हातात तशीच जळत होती.

आप्पा, मला वाटायचं, तुमच्यात माया मुळातच नव्हती. जे नसतं त्याच्यावर माणूस फार काळ राग धरत नाही. मी एवढ्यावरच तुम्हाला निम्मं माफ करून टाकलं होतं. आणि ती होती! दार लावून, पाणी देऊन, पाठीवरून हात फिरवण्याइतकी होती. सकाळी ती शीट कुणाची याची तुम्हाला खात्री नव्हती, संध्याकाळपर्यंत झाली. त्या पोराला वाचवलंत त्याबद्दल मी काही म्हणत नाही, तो वाचायलाच हवा होता. पण त्यासाठी मला बुडवायची गरज नव्हती. दोघं पास झालो असतो. बुडवलंत ते तुमच्या नावासाठी. वर माझ्या नावावर एक दानही करून टाकलंत, मला न विचारता. आजारपणात तुम्ही ओठ हलवायचात, आवाज फुटायचा नाही, तेव्हा मला वाटायचं, बिचाऱ्यांना काहीतरी सांगायचं राहिलंय. आता वाटतं, वाचा शाबूत होती ती सगळी वर्षं काय करत होतात? शेजारच्या खोलीत तर होते मी.

त्याला मी खरं सांगितलं नाही. सांगून काय, त्याच्या आयुष्यातला एकुलता एक देव फोडायचा? तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी गप्प बसले. "असू दे रे," एवढंच म्हणाले. त्यानं टोपी परत घातली आणि सहज विचारलं, "सर घरात काय म्हणालं असतील गं त्या शीटला? लय देखणी हुती."

मी म्हणाले, "म्हणाले, इतकी स्वच्छ शीट माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिली नाही."

"म्हणणारच की," तो म्हणाला, आणि कामगारांना हाक मारत खाली गेला.

हे पत्र मी कुठंही टाकणार नाही, कुणाला वाचूनही दाखवणार नाही. फक्त एक सांगते. आष्ट्याहून सांगलीपर्यंत गाडीत मी एकटीच होते. काचा वर करून घेतल्या आणि ते खोटं वाक्य सगळा रस्ता मोठ्यानं म्हणत आले, तुमच्या आवाजात.